उसवण्याची बाजू

मराठी गद्यात 'उसवणे' हे क्रियापद आले की वाचकाने मन घट्ट करावे, असा एक अलिखित संकेत आहे. संसार उसवतो, नाती उसवतात, गावगाडा उसवतो, आयुष्याची वीण उसवते. कथेमध्ये हे क्रियापद बहुधा शेवटच्या परिच्छेदाच्या आसपास येते आणि ते आल्यानंतर पात्राला खिडकीबाहेर पाहत बसण्यावाचून काही काम उरत नाही. समीक्षकांनी त्यावरून 'उसवलेपण' असे एक भाववाचक नामही घडवले आहे. एखाद्या कवितेविषयी दुसरे काही सुचेनासे झाले की ते हाताशी असते. माझा आक्षेप या संकेतावर आहे. ज्यांनी आयुष्यात एकही स्वेटर आपल्या हातांनी उसवलेला नाही, अशा माणसांनी हे रूपक रूढ केले आणि ज्या बायका दर दोन-तीन हिवाळ्यांनी ते काम करीत आल्या, त्यांना त्याविषयी कोणी विचारले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे मत अतिरेकी वाटेल, कारण आपल्याकडे थंडी ही मुख्यतः दिवाळी अंकांत पडते. लोकरीशी आपला खरा संबंध घोंगडीपुरता. ती सनगर मागावर विणतो, आणि धनगराच्या खांद्यावर ती फाटेस्तोवर राहते. उसवून तिचे दुसरे काही करण्याचा प्रश्न येत नाही. जयपुरात हिवाळे काढलेल्या मराठी माणसाची गोष्ट निराळी आहे. तिथे जानेवारीतली रात्र सात-आठ अंशांवर उतरते, मावठीचा पाऊस होऊन गेला की अंगात कापरे भरते आणि दगडी घरांच्या भिंती दिवसाही गार राहतात. दुपारी सगळे घर उन्हासाठी गच्चीवर येते. सुया घेऊन बसलेल्या बायका तिथे दिसतात, तशाच शाळांच्या आवारात आणि कचेऱ्यांच्या ओट्यांवरही दिसत. त्या विणतात हे कोणीही सांगेल. पण विणण्याआधीचा एक हंगाम असतो, दसऱ्यापासून दिवाळीपर्यंतचा, तो पाहणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही. तेव्हा ट्रंका उघडतात, गेल्या सालचे आखूड झालेले, कोपरांत विरलेले, गळ्याशी सैलावलेले स्वेटर बाहेर पडतात, आणि उधेडणे सुरू होते.

हे काम कसे चालते ते थोडे तपशिलाने सांगितले पाहिजे, कारण ज्या रूपकाशी मी भांडतो आहे ते तपशिलाच्या अभावावरच जगले आहे. हाताने विणलेला स्वेटर साधारणपणे पाच तुकड्यांचा असतो : पाठ, पुढा, दोन बाह्या आणि गळपट्टी. हे तुकडे ज्या धाग्याने सांधलेले असतात तो आधी शोधून काढावा लागतो. तो त्याच रंगाचा असतो, म्हणून उजेडात, उलट्या बाजूने, बोटांनी चाचपत शोधायचा. इथे कात्री घाईने लागली तर विणीचाच टाका तुटतो आणि पुढल्या सगळ्या धाग्यात गाठ येते. सांधे सुटले की प्रत्येक तुकड्याचे शेवटचे टोक हुडकायचे. विणकाम खालून वर गेलेले असेल तर उसवण वरून खालीच होते. खालच्या कडेने ओढू लागलात तर धागा जागोजाग अडकून बसतो. म्हणजे ज्या क्रमाने ते अंगात आले त्याच्या नेमक्या उलट क्रमाने ते मोकळे होते, आणि ते विणणारी बाई समोर नसली तरी तिने कुठून सुरुवात केली, कुठे टाके वाढवले, कुठे घटवले, बगलेशी काय युक्ती केली, हे सारे उसवणारीला ओळीमागून ओळ कळत जाते. दुसरीच्या हातचा स्वेटर उसवून नमुना शिकलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांनी पुस्तक कधी हाती धरले नव्हते.

सुटलेला धागा कुरळा असतो. टाक्यांची आठवण त्यात राहिलेली असते. तो तसाच विणायला घेतला तर वीण उंचसखल येते. म्हणून तो खुर्चीच्या पाठीला, नाही तर समोर बसवलेल्या पोराच्या दोन्ही हातांवर गुंडाळून त्याची लच्छी करायची, चार ठिकाणी सुती दोऱ्याने सैल बांधायची, कोमट पाण्यात रिठ्याच्या फेसाने न चोळता धुवायची आणि खाली एखादा लहानसा लोटा अडकवून सावलीत टांगायची. वजनाने धागा सरळ होतो. कोणी उकळत्या पाण्याच्या वाफेवर लच्छी धरते. कोपराचा आणि मनगटाचा झिजलेला भाग वेगळा निघतो, तो गळ्याशी किंवा खांद्याशी, जिथे ताण कमी तिथे वापरायचा किंवा दुसऱ्या धाग्याबरोबर दुहेरी घालायचा. बाहेरून विटलेली लोकर उलगडल्यावर आतून मूळ रंगाची निघते, त्यामुळे धाग्यावर फिके आणि गडद असे ठिपके येतात. जाणती बाई ते लपवीत नाही, त्यांना धरूनच पट्टे पाडते. मामाच्या स्वेटरातून भाच्याचा स्वेटर आणि वर एक कानटोपी, असा हिशेब बसतो. भाचा वाढला की पुन्हा तेच.

यात शोक कुठे आहे?

विणणे या एकाच क्रियापदात आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत, आणि या गोंधळाचाही रूपकाला हातभार आहे. हिंदीतल्या बुनना या शब्दाचेही तसेच. मागावरच्या कापडात शेकडो स्वतंत्र धागे उभे-आडवे गुंतलेले असतात. त्याचा एक धागा ओढला तर कापड विसविशीत होते आणि हाती काही लागत नाही. सुयांवरचे विणकाम हे एकाच अखंड धाग्याच्या फाशांचे असते. ते सुटले तर आरंभापासून अखेरपर्यंत सबंध सुटते आणि सबंध हाती येते. लेखकाच्या डोळ्यांसमोर वीण म्हणून माग असतो, वा धोतराची शिवण असते. त्यावरून तो जो निष्कर्ष काढतो तो स्वेटरला लावतो. लोकरीच्या बाबतीत उसवणे हा वस्तूचा अंत नव्हे. तो तिच्या दोन रूपांमधला कामाचा टप्पा आहे.

आता या कामाविषयी जी तुच्छता आहे तिच्याकडे वळू. जयपूरच्या मध्यमवर्गीय घरांत आज हे काम लपवून केले जाते किंवा केलेच जात नाही, आणि जुने कोणी करू लागले तर सुनांना संकोच वाटतो. ही गरिबीची खूण मानली जाते. जरा बरी स्थिती असेल तर कंजूसपणाची. पण हीच गोष्ट दुसऱ्या एका देशात कशी पाहिली गेली ते आठवावे. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ रोजी कपड्यांचे रेशनिंग सुरू झाले आणि ते १९४९ पर्यंत टिकले. १९४३ मध्ये तिथल्या व्यापारखात्याने 'आहे त्यात भागवा आणि दुरुस्त करा' अशा अर्थाच्या नावाची पुस्तिका काढली. त्या काळात जुने जर्सी उसवून त्यांची लोकर पुन्हा विणणे हे तिथल्या गृहिणीचे राष्ट्रकर्तव्य मानले गेले आणि आज त्या पुस्तिकेच्या नव्या छपाया संग्रहालयांच्या दुकानांत भेटवस्तू म्हणून विकल्या जातात. लंडनच्या बाईने युद्धात केले ते देशप्रेम, आणि जयपूरच्या बाईने शांततेत केले ते दारिद्र्य! हा न्याय कोणत्या तराजूत तोलला गेला, हे मला अजून उमगलेले नाही.

आपल्याकडे राष्ट्राला धाग्याचे वावडे होते असे नाही. सूतकताईला आपण झेंड्यावर नेले, चरख्याला देव्हाऱ्यात बसवले. १९६२ च्या चीनशी झालेल्या युद्धात उघड्या हिमालयात उभ्या असलेल्या जवानांसाठी देशभरच्या बायकांनी आणि मुलींनी स्वेटर विणले. त्या पिढीतल्या कित्येकींना ते शेवटपर्यंत अभिमानाने आठवत राहिले. कातणे आणि विणणे या दोन्ही क्रियांना अशी सार्वजनिक प्रतिष्ठा मिळाली. तिसरी क्रिया, जी या दोन्हींना जोडणारी आहे, ती मात्र कोणत्याच सभेत उच्चारली गेली नाही. याचे एक कारण उघड आहे. कातलेले सूत दाखवता येते, विणलेला स्वेटर दाखवता येतो. उसवणे आपला पुरावा स्वतःच पुसून टाकते. जयपूरचेच पाहा. १८८७ पासून लोकांसाठी खुल्या असलेल्या अल्बर्ट हॉल संग्रहालयात कारागिरीचे उत्तमोत्तम नमुने मांडलेले आहेत. शहराच्या नावाने निळी भांडी, बांधणी, लाखेच्या बांगड्या, सांगानेरी छापे जगभर ओळखले जातात. २०१९ मध्ये युनेस्कोने या तटबंदीच्या शहराला जागतिक वारशात घेतले. त्या वारशाच्या यादीत उसवण येऊ शकत नाही, कारण काचेच्या कपाटात ठेवायला तिच्यापाशी काहीही नाही.

वास्तविक हे शहरच मोडून घडवणाऱ्यांचे आहे. रजईतला कापूस दबला की पिंजारी तो काढून, पिंजून, पुन्हा भरून देतो. पाव किलो कापसाच्या ज्या हलक्या रजईचे पर्यटकांना कौतुक वाटते तिच्यामागे हीच पिंजण्याची विद्या आहे. शेजारच्या सांगानेरात कागजी घराणी सुती चिंध्यांचा लगदा करून कागद बनवतात. ज्यांना छापील पानाचे पावित्र्य वाटते त्यांनी त्या पानाच्या एका पूर्वजाच्या अंगावरचा सदरा आठवावा. पिंजाऱ्याला नाव आहे, जात आहे, अवजार आहे. कागज्याला तर त्याच्या धंद्यावरूनच आडनाव मिळाले. उसवणारीला यातले काही नाही. ती आपली कोणाची तरी आई असते.

हिशेबाच्या शास्त्रातही तिला जागा मिळत नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या मोजणीची जी आंतरराष्ट्रीय पद्धत आहे तिच्यात घरच्या वापरासाठी घरी कपडे बनवणे हे उत्पादनाच्या कक्षेत धरता येते. धुणे, नीटनेटके ठेवणे, किरकोळ डागडुजी करणे हे मात्र त्या कक्षेबाहेर राहते. मग स्वेटर उसवून लच्छी धुणारी बाई दुपारी तीन वाजता कोणत्या बाजूला उभी असते? भारतात २०१९ मध्ये देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षण झाले. बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटांचा वेळ नोंदला गेला, पुरुषांचा ९७. या २९९ मिनिटांमध्ये उसवण्याची मिनिटे कुठे विरघळली असतील ते शोधण्याचा उत्साह कोणा अर्थशास्त्रज्ञाला असेल असे वाटत नाही.

माझ्या बाजूच्या माणसांनाही इथे थोडे थांबवले पाहिजे. या कामाला कवितेच्या गाभाऱ्यात नेऊन ठेवू नये. धाग्याची लच्छी हातांवर धरून तासन्तास बसलेली पोर बहुतेक वेळा मुलगीच असते. तिचा भाऊ त्या वेळी पतंग उडवीत असतो, आणि जयपुरात पतंग हा किरकोळ विषय नव्हे. लोकरीच्या तुसाने खोकला येतो. थंडीच्या दिवसांत पाण्यात हात घालावे लागतात. एखादी म्हणेल की बाजारात तयार स्वेटर लोकरीच्या गुंड्यांच्या दामात मिळतो आहे, तर मी माझी दुपार यात का घालू? तिचे म्हणणे बिनतोड आहे. तिने ते काम सोडावे. तिला अपराधी वाटायला लावणारे पुरुषी पर्यावरणप्रेम मला मंजूर नाही. परंतु काम सोडण्याचा हक्क वेगळा आणि त्या कामाचा उपहास करण्याचा हक्क वेगळा. शिवाय तिच्या या निवडीमागे एक बाजार उभा आहे आणि त्याच्याशी मला अधिक भांडायचे आहे.

तो तयार स्वेटर उलटा करून पाहा. बाजूच्या शिवणीवर दाट, वेटोळी, ओव्हरलॉक यंत्राची कड दिसेल. हाताने वा जुन्या धाटणीच्या यंत्राने स्वेटरचा तुकडा आकारातच विणला जातो. त्याची कड अखंड असते. हा स्वेटर मात्र थानासारख्या विणलेल्या कापडातून कात्रीने बेतलेला आहे. प्रत्येक ओळ दोन्ही टोकांना कापली गेली आहे. तो उसवायला घ्या : छातीच्या रुंदीत जेवढा धागा मावतो तेवढेच हाता-दोन हातांचे तुकडे निघतील आणि त्यांची रास होईल. त्या धाग्याला काडी लावा. लोकर जळताना केस जळाल्याचा वास येतो आणि चिमटीत तिची राख होते. हा धागा वितळून कडक मणी होतो, कारण तो ॲक्रिलिक आहे. अमेरिकेतल्या ड्यू पाँ कंपनीने १९५० च्या सुमारास तो 'ऑरलॉन' या नावाने बाजारात आणला. आपल्याकडे पुढे 'कॅशमिलॉन' हे एक व्यापारी नाव सगळ्याच ॲक्रिलिक धाग्याला चिकटले आणि त्याला लोकर म्हणण्याची सवय जडली. त्याची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. स्वस्त, रंगाला पक्का, कसरीपासून मुक्त अशा या धाग्याने गरिबांच्या मुलांना ऊब दिली आहे, आणि हातविणीचा ॲक्रिलिक स्वेटरही उसवता येत असेच. पण तो धुतला की पाण्यात तंतू सोडतो : प्लिमथ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये मोजले तेव्हा सहा किलो ॲक्रिलिक कपड्यांच्या एका धुण्यातून ७ लाखांहून अधिक सूक्ष्म तंतू निघाले होते. आणि आता, कापून शिवण्याच्या पद्धतीमुळे, त्याला दुसरा जन्मही राहिलेला नाही. वस्तू अशी घडवायची की ती मोडली तरी तिच्यातून काही घडू नये, हे या उद्योगाचे तंत्र आहे. कौशल्य आधी बाईच्या हातातून गेले असे आपण म्हणतो. माझ्या मते ते आधी शिवणीतून काढून घेतले गेले. उसवता येण्याजोगे काही घरात येईनासे झाले, मग उसवणारे हात राहिले काय आणि गेले काय.

उत्तरेतल्या इतर शहरांप्रमाणे जयपुरातही थंडीच्या तोंडावर तिबेटी विक्रेत्यांच्या रांगा लागतात. त्यांच्याकडला माल हिमालयातून येतो अशी भाबडी समजूत आहे; तो बव्हंशी लुधियानाच्या होजिअरीतून येतो. पदपथांवर जुन्या गरम कपड्यांचेही ढीग पडतात. पुष्कळ बायका त्या ढिगांत घालायचे कपडे शोधीत नसत, धागा शोधीत : खऱ्या लोकरीचा, मोठ्या मापाचा, जाड विणीचा, ज्याच्या शिवणी सुटतील असा. याच राजस्थानात देशातली सर्वाधिक लोकर निघते. बिकानेर तिची मोठी पेठ. टोंक जिल्ह्यात, जयपूरपासून फार दूर नाही, अविकानगर येथे १९६२ पासून मेंढी आणि लोकर यांची केंद्रीय संशोधन संस्था आहे. पण ती लोकर बहुतांशी गालिच्याच्या जातीची, भरड. अंगाला सोसेल अशी मऊ लोकर परदेशातून यायची, आणि साध्या घराच्या आवाक्यात ती जुन्या स्वेटराच्या रूपानेच येई.

या वाटेवर सरकारने एक विलक्षण अडसर घातला आहे. देशी वस्त्रोद्योगाच्या रक्षणासाठी परदेशी वापरलेले कपडे सरसकट आणायला मुभा नाही. चिंध्या म्हणून आणायचे तर ते आधी फाडून, कापून, अंगात घालण्याच्या कामाचे राहणार नाहीत असे करावे लागतात. हेतू समजण्यासारखा आहे. परिणाम असा की उत्तम लोकरीचा अखंड स्वेटर छातीवर पात्याचा वार घेऊन या देशात प्रवेश करतो. तो घालता येत नाही, हे कायद्याला हवेच होते. तो उसवताही येत नाही, याचा कायद्याने विचारच केला नाही. नियम लिहिणाऱ्याच्या मनात कपड्याच्या दोनच अवस्था होत्या, नेसता येणारा कपडा आणि चिंधी. तिसरी त्याला ठाऊक नव्हती.

ही चिंधी मग मुख्यतः पानिपतला जाते. मराठी माणसाला पानिपत म्हटले की १७६१ पलीकडे काही दिसत नाही; पण जगातल्या जुन्या लोकरी कपड्यांचे एक मोठे कबरस्तान, आणि सूतिकागृहही, तिथेच आहे. बायका रंगांप्रमाणे ढीग लावतात, म्हणजे पुन्हा रंगवण्याचा खर्च वाचतो. विळीसारख्या उभ्या पात्यावर कपडा ओढून बटणे, चेन, अस्तर वेगळे करतात. मग यंत्र त्याचे तंतू तंतू करते आणि त्यांतून नवे सूत कातले जाते. या सुताच्या घोंगड्या भूकंपात, पुरात, निर्वासितांच्या छावण्यांत वाटल्या गेल्या. मेघना गुप्ता यांच्या २०१२ च्या 'अनरॅव्हल' या छोट्या अनुबोधपटात या बायका दिसतात. इतके उत्तम कपडे लोक का टाकून देत असतील, याविषयीचे त्यांचे तर्क ऐकण्यासारखे आहेत. मानवशास्त्रज्ञ ल्युसी नॉरिस यांनी भारतातल्या जुन्या कपड्यांच्या प्रवासावर २०१० मध्ये एक ग्रंथच लिहिला. त्यात भांड्यांच्या बदल्यात कपडे नेणाऱ्या, दिल्लीतल्या वाघरी समाजाच्या बायका आहेत. म्हणजे आपल्या बोहारणीच्या थेट भगिनी. बोहारीण मराठी विनोदी लेखनात घासाघीस करायला भरपूर वेळा येऊन गेली. तिच्या पाटीतला कपडा पुढे कुठे जातो, हे विचारायला तिच्यामागे एकही मराठी लेखक कोपऱ्यापर्यंत गेला असेल, असे माझ्या वाचनात नाही.

पानिपतच्या सुताला इंग्रजीत 'शॉडी' म्हणतात. यॉर्कशरमधल्या बॅटली गावी बेंजामिन लॉ याने १८१३ च्या सुमारास लोकरीच्या चिंध्यांपासून सूत काढण्याची युक्ती शोधली, तेव्हा हे फक्त एका मालाचे नाव होते. अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात कंत्राटदारांनी सैनिकांच्या गणवेशांत या सुताचा निकृष्ट माल खपवला, आणि तेव्हापासून तो शब्द निकृष्टतेचे विशेषण होऊन बसला. लबाडी कंत्राटदारांनी केली; बदनामी धाग्याच्या वाट्याला आली. आपल्या 'उसवणे'ची गत याहून फार वेगळी नाही. शब्दांच्या अशा अधःपातामागे कोणाचे हितसंबंध असतात, हे भाषेच्या विद्यार्थ्यांनी तपासायचे नाही तर कोणी?

अलीकडे वारे फिरले आहे असे म्हणतात. जुन्यातून नवे करण्याला आता इंग्रजी नाव मिळाले आहे, त्याच्या कार्यशाळा भरतात, आणि एके काळी ज्या गोष्टीची लाज वाटे तिचे शुल्क भरून प्रशिक्षण घेतले जाते. जयपूरच्याच एका प्रसिद्ध गालिचा-व्यवसायाने, जयपूर रग्ज याने, उरलेल्या धाग्यांतून विणकरांना स्वतःच्या मनाने नक्षी करू देणारा 'मनचाहा' हा उपक्रम चालवला आहे. त्यातल्या गालिच्यांना परदेशांत पारितोषिके मिळाली आणि विणणारीचे नाव गालिच्याबरोबर जाऊ लागले. हे चांगलेच झाले. उरलेल्या धाग्याला नक्षीचा हक्क आहे, हे निदान एका ठिकाणी मान्य झाले. मात्र कार्यशाळांतली भाषा ऐकताना एक गोष्ट खटकते : तिथे ही विद्या आजच शोधून काढल्यासारखी सांगितली जाते. शिकवणाऱ्याच्या आजीच्या हातात ती होती, आणि त्याच आजीला घरच्यांनी 'आता पुरे झाले, नवे आणू' असे म्हणून गप्प केले होते. हिंदी मासिकांच्या बुनाई विशेषांकांतही, आणि मराठी मासिकांतल्या विणकामाच्या पानांवरही, नमुन्याची पहिली ओळ 'नवी लोकर इतके ग्रॅम' अशाच थाटाची असे. ग्रंथालयात ड्यूईच्या दशांश पद्धतीत ७४६.४३२ या अंकाखाली विणकामाची पुस्तके सापडतात. त्यांत उसवणे येते ते चूक दुरुस्त करण्याच्या प्रकरणात.

रूपकाकडे परत येतो, कारण मूळ भांडण तिथले आहे. हिंदीत 'उधेड़बुन' असा एक सुंदर शब्द आहे : उधेडणे आणि बुनणे, दोन्ही एकत्र. त्याचा अर्थ कोशात पाहिला तर मनाची घालमेल, काय करावे ते न सुचणे. ज्या जोडक्रियेने जयपूरच्या हजारो घरांत हिवाळा निभावला, तिला भाषेने अनिश्चयाचे नाव दिले. उसवून विणणाऱ्या बाईइतकी निश्चयी व्यक्ती मी क्वचित पाहिली आहे. किती टाके, कोणत्या मापाचा, कोणासाठी, हे पहिला धागा ओढण्यापूर्वीच तिचे ठरलेले असते.

मराठी मात्र याबाबतीत आपल्या लेखकांपेक्षा शहाणी आहे. गाठ सोडवणे म्हणजे उकलणे, आणि प्रश्नाच्या उत्तराला आपण 'उकल' म्हणतो. घडी मोकळी करणे म्हणजे उलगडणे, आणि समजण्याला 'उलगडा'. सुटण्यात ज्ञान आहे, हे या दोन शब्दांनी कधीच मान्य केले आहे. तिसऱ्या भावंडालाच तेवढे घराबाहेर ठेवले. ग्रीकांनी तसे केले नाही. होमरच्या 'ओडिसी'त पेनेलपी सासऱ्यासाठी विणायला घेतलेले कफन तीन वर्षे दिवसा विणते आणि रात्री दिवट्यांच्या उजेडात सोडते. मागावरचे कापड असे सोडणे किती कष्टाचे आहे, याची कल्पना भाष्यकारांना क्वचितच असते. तिच्या त्या रात्रीच्या कृतीसाठी होमर जे क्रियापद योजतो, त्याच क्रियापदापासून पुढे 'अ‍ॅनालिसिस' हा शब्द आला. म्हणजे समीक्षक ज्याला विश्लेषण म्हणतो आणि ज्याच्या बळावर पदव्या देतो-घेतो, ते त्या शब्दाच्या मुळाशी एका बाईचे उसवणेच आहे. तिने ते हरल्यामुळे केले नव्हते. तिला वेळ हवा होता, आणि तो तिने धाग्यातून काढला.

यावर कोणी म्हणेल की रूपकाला व्यवहाराचे इतके ओझे कशाला. वाचकाला 'वीण उसवली' म्हटले की दुःख कळते, तेवढे पुरे. वाचकाला कळते, कारण त्याला ते तसे शिकवले गेले आहे. ज्या कथेत नवऱ्यामागे एकटी राहिलेली बाई त्याचा स्वेटर ट्रंकेतून काढते, ती कथा मराठीत आणि हिंदीतही पुष्कळांनी लिहिली असेल. ती तो छातीशी धरते, त्याचा वास घेते, घडी घालून पुन्हा ठेवते. मी ज्या घरांविषयी बोलतो आहे तिथे ती बाई दोन दिवस तो तसाच बाहेर ठेवील, तिसऱ्या दिवशी चष्मा लावून उन्हात बसेल, गळ्याशी टोक शोधील आणि धाकट्याला हाक मारून हात पुढे करायला सांगेल.